‘आम्ही’च्या जागी ‘आपण’

अनुस्वार वाटला होता, पण नखानं खरवडल्यावर निघून आला — खोडरबराचा कण. ‘गज’ या शब्दावर बसून व्हायोलिनच्या गजाला उगाच गंज चढवत होता. ती स्वतःशीच हसली, आणि मग हसल्याचा तिला राग आला. कारण पुस्तक बाबांचं होतं, आणि बाबांच्या कुठल्याही गोष्टीवर हसायचं तिनं एकोणीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

छापखान्याच्या मालकाला हे ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, त्यामुळे त्याच्या लेखी ती मुद्रितं तपासणाऱ्या बाई, आणि लेखक म्हणजे चाळीस वर्षं व्हायोलिन शिकवून निवृत्त झालेले कुणी मास्तर.

“बाई, चारला मशीनवर चढवायचंय,” दारातूनच तो म्हणाला. “मास्तरांचा एकच हट्ट आहे, एकही चूक राहता कामा नये.”

“एकच?” ती म्हणाली.

पानापानांवर ‘आम्ही’ छाती काढून बसलं होतं. आम्ही शिस्त लावली, आम्ही खपवून घेतले नाही... घरीसुद्धा असंच. “आम्हाला हे पटलेलं नाही,” असं बाबा म्हणाले, की आई त्यांच्या मागं डोकावून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून. चौदा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासताना तिला एवढं कळलं होतं, की बोलताना माणूस स्वतःला सांभाळतो आणि लिहिताना कुठंतरी सांडतो. बाबा मात्र एकशे अकरा पानं झाली तरी थेंबभर सांडले नव्हते.

एकशे बाराव्या पानावर होतं: ‘वर्ग सुटला. बाकीची मुले गेली आणि आपण दोघेच उरलो.’

सवयीनं पेन्सिल गेलीच. ‘आपण’वर अर्धी रेघ ओढली... समासात ‘आम्ही’ लिहायला घेतलं, आणि हात थबकला. आम्ही दोघे म्हणजे ते आणि दुसरं कुणी, वाचणारा बाहेर. पण आपण दोघे? मग वाचणाराही त्या वर्गात होता. कोण होता? कोण होतं त्या दिवशी — मीच तर होते.

पंधरा वर्षांची. अठरा मुलांसमोर ते म्हणाले होते, “ऊठ. तुझ्या हाताला सूर नाही.” मुलं गेली. चपलेचा पट्टा ती लावत राहिली, सोडत राहिली, पुन्हा लावत राहिली — आता बोलतील, आता तरी — आणि ते खिडकीपाशी पाठमोरे, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. ती निघून गेली, ती पुन्हा त्या वर्गात आलीच नाही.

तिनं पुढं वाचलं. ‘काही बोलायचे होते. ते राहिले.’ लगेच नवा परिच्छेद: तारांची निगा कशी राखावी. म्हणजे झालं, ती मनात म्हणाली, आता तारा पुसत बसा. पण डोळे भरून आले होते आणि ओळी नीट दिसत नव्हत्या.

नजरचूक असेल. वय झालंय... अक्षरं जुळवणाऱ्याचाही घोळ असेल. तिनं मूळ हस्तलिखित ओढलं. बाबांचं ताठ अक्षर. ‘आम्ही दोघेच’ असं आधी लिहिलेलं, ‘आम्ही’ खोडलेलं, आणि वर ‘आपण’. अख्ख्या वहीत ही एकच खाडाखोड.

ती इथं काम करते हे त्यांना आईनं सांगितलं असेलच. किंवा नसेलही.

पावणेचारला मालक पानं चाळायला लागला. “इथं ‘आम्ही’ हवं ना? सगळीकडे तसंच आहे.”

“राहू द्या.”

“अहो, लोक म्हणतील तपासणारी झोपली होती.”

“म्हणू देत,” ती म्हणाली, आणि आपली अर्धी रेघ खोडून समासात ‘जसेच्या तसे ठेवावे’ असं लिहून, खाली सही केली. चौदा वर्षांत तिनं एकही चूक अशी जाऊ दिली नव्हती. मालक खांदे उडवून गेला.

रविवारी तिनं घरी फोन केला की बाबाच उचलत आणि “आईला देतो” म्हणून मोकळे होत. या रविवारी ते तसं म्हणायच्या आत काय बोलायचं, हे तिला काही केल्या सुचत नव्हतं. दोन-तीन वाक्यं जुळवून पाहिली, सगळी खोटी वाटली. पण बोलायचं होतं. आणि त्या फोनची एरवी वाटणारी धास्ती आजही होतीच — फक्त आज, का कोण जाणे, ती हवीहवीशी वाटत होती.