लहूच्या हिरड्यांचा सत्कार

लहू परब आणि राजाराम घाडी लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लावून राहत होते आणि संपापासून एकमेकांशी बोलत नव्हते. संपाला पंचवीस वर्षं उलटून गेली होती. दोघेही एकाच गिरणीत मागावर होते. संप लांबत चालला तेव्हा एक दिवस राजाराम पुढच्या गेटनं कामावर गेला. लहू तिथं घोषणा देत उभा होता. तो राजारामच्या पायाशी थुंकला आणि दोस्ती तिथंच आटोपली. पुढे गिरणी बंद पडली, तेव्हा मालकांनी संप मोडणारा आणि न मोडणारा असा भेदभाव मुळीच केला नाही. दोघांनाही सारख्याच आपुलकीनं घरी बसवलं.

गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आला. त्यात डॉ. मनमोहन धैर्यवान यांनी दातांचा दवाखाना थाटला. डॉक्टर मूळचे गिरगावचे, जुन्या पाठारे प्रभू घरातले. बोलणं स्वच्छ, हात त्याहून स्वच्छ. दुसऱ्याच्या तोंडात हात घालावा लागू नये, ही दंतवैद्याला न शोभणारी त्यांची इच्छा विज्ञानानं पुरी केली होती. हिरड्यांना रोग लागला की त्यांना पोखरणारं एक द्रव्य लाळेत उतरतं. ते मोजलं की दात दुखायच्या आधीच रोग कळतो. तपासणी खरंच चांगली होती. फक्त डॉक्टरांचा तिच्यावर इतका जीव जडला की कुणाचं तोंड उघडून बघणं त्यांना अडाणीपणा वाटू लागला.

अशा माणसाला समाजसेवा सुचली. चाळीच्या मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी मोफत शिबिर भरलं. आधी तासभर काही खायचं नाही, खाकरून थुंकायचं नाही, मान खाली घालून लाळ आपोआप नळीत गळू द्यायची, असं सगळ्यांना समजावण्यात आलं. बेकारीत मान खाली घालून बसायची सवय झालेली माणसं ती. त्यांना ते छान जमलं. रांगेत नेमके लहू आणि राजाराम पुढेमागे आले. दोघांनी दोन भिंतींकडे बघत नळ्या भरल्या. नळ्या घेणाऱ्या बाईंचा फोन तेवढ्यात वाजला. त्यांनी दोन्ही नळ्या एका हातात धरल्या, बोलणं संपवलं आणि मग सावकाश नावं चिकटवली.

पुढच्या रविवारी निकाल. डॉक्टरांनी आधी चांगली बातमी दिली. सबंध चाळीत सगळ्यात निरोगी हिरड्या श्री. लहू परब यांच्या होत्या. लहूला शाल, नारळ आणि टूथपेस्ट मिळाली. तो रोज सकाळी तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीनं दात घासायचा. तेव्हा चार शब्द बोला म्हटल्यावर त्यानं या यशाचं सगळं श्रेय मिश्रीला दिलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांचं लक्ष फोटोग्राफरकडे होतं.

मग त्यांनी राजारामला पुढे बोलावलं. आवाज खाली आणून सांगितलं, की रोग फार पुढे गेलाय, उपचार केले नाहीत तर एकेक करून दात पडतील.

राजारामनं शांतपणे वरची कवळी काढली, मग खालची. रुमालानं पुसून दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि बोळक्या तोंडानं विचारलं, "यातला पहिला कुठला पडणार, डॉक्टर?"

हॉल हसून लोळला. लहू सगळ्यात मोठ्यानं हसला. डॉक्टरांनी कवळीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि कागदाच्या बाजूनं कौल दिला.

"तरीही दुर्लक्ष करू नका," ते म्हणाले.

घरी आल्यावर राजारामचं हसू ओसरलं. दात नसलेल्याला दातांचा रोग होत नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणजे ही लाळ दुसऱ्या कुणाची तरी. रांग आठवली, तो फोन आठवला आणि दुसरा कोण तेही लक्षात आलं. गप्प बसावं, असं त्याला बराच वेळ वाटलं. ज्याच्या थुंकीनं आपल्याला एवढी वर्षं खाली बघायला लावलं, त्याच थुंकीची काळजी आपण का वाहायची? बायको बकुळा एवढंच म्हणाली, की भिंतीपलीकडे तुळसावहिनी हल्ली रोज भाकरी चहात कुस्करून देते, ते काय लहूला आवडतं म्हणून?

राजाराम उठला आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. लहू शाल पांघरून बसला होता.

"लहू, तुझी लाळ माझ्या नावावर गेली," राजाराम म्हणाला. "रोग तुला आहे."

लहूनं त्याच्याकडे न बघता भिंतीला सांगितलं, की काही लोकांना दुसऱ्याचा सत्कार बघवत नाही. तेव्हा आतून तुळसा बाहेर आली. वर्षभर उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग पडताहेत आणि ते मी धुते, हे तिनं राजारामला सांगितलं. नवऱ्याला सांगून काही उपयोग झाला नव्हता. खालचे पुढचे दात तर जीभ लागली तरी हलतात म्हणाली. लहूनं शाल काढून नीट घडी केली.

दुसऱ्या दिवशी दोघं टॉवरमध्ये गेले. आमच्याकडे अदलाबदल होऊच शकत नाही, असं डॉक्टरांनी ठासून सांगितलं. हवं तर पुन्हा लाळ द्या. लहूनं उत्तर म्हणून आ वासला. डॉक्टरांना नाइलाजानं आत बघावं लागलं. बघून झाल्यावर ते बराच वेळ हात धूत राहिले. मग मान्य केलं, की यंत्राचं काही चुकलं नव्हतं, रोग अगदी सांगितला तसाच होता, माणूस तेवढा दुसरा निघाला. सत्काराचा फोटो मात्र दवाखान्यात लागला तो लागलाच.

उपचारासाठी दोघं सरकारी दातांच्या इस्पितळात जाऊ लागले. राजारामला तिथल्या खिडक्या पाठ होत्या. त्यानं आपले सगळे दात तिथंच ठेवले होते. लहूच्या हिरड्या आतून खरवडून साफ केल्या. मिश्री सोडायला लावली. ती सुटल्यावर तो इतका चिडचिडा झाला, की पंधरा दिवस चाळीत कुणी त्याच्या वाऱ्याला उभं राहत नव्हतं. मागचे दात वाचले. पुढचे खालचे चार काढावे लागले. काढल्यावर कापूस घट्ट चावून धरा, तासभर बोलायचं नाही, असं बजावून त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

राजाराम शेजारी बसला. लहूला उलट उत्तर देता येत नाही, अशी वेळ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली होती. राजारामनं घसा साफ केला.

"पोर पाच महिन्यांची होती," तो म्हणाला. "बकुळाचं दूध आटलं होतं. आदल्या संध्याकाळी तुला सांगायला तुझ्या दाराशी आलो होतो. तू मीटिंगला गेलेलास. वहिनीला सांगायचा धीर नाय झाला."

लहूचा खालचा ओठ कापसानं फुगला होता, डोळ्यांत पाणी होतं; ते भूल उतरल्याचंही असेल. त्यानं कापूस हातावर काढला.

"मागच्या गेटनं जायचं होतंस रे," तो म्हणाला. "पुढच्या गेटवर मी उभा होतो."

राजारामनं त्याला कापूस पुन्हा तोंडात घालायला सांगितलं.