बैठकीतली उघडी भिंत

घर बांधायला काढलं की आपण साऱ्या गल्लीचे होतो. आमचं गंगाखेडचं घर उभं राहायला लागलं तसा प्रत्येकाने मला एकेक सल्ला फुकट दिला. जिना बाहेरून घ्या, मोरी मोठी ठेवा, गच्चीच्या सळया कापू नका, उद्या वरचा मजला चढवायचा झाला तर? सगळं मी मुकाट ऐकून घेतलं. मग एक दिवस मी सांगून टाकलं की बैठकीतली समोरची भिंत मी विटांची, उघडीच ठेवणार आहे. तिला गिलावा नाही आणि रंगही नाही. त्या दिवसापासून सल्ले बंद झाले आणि लोक हळहळायला लागले.

त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे उघड्या विटेचा अर्थ एकच, पैसे संपले. समोरचे व्यंकटराव रोज दूध घेऊन परतताना फाटकाशी थांबायचे आणि आवाज खाली करून विचारायचे, मॅडम, गिलाव्याचं जमंना का? मी त्यांना समजावलं की आजकाल लोक हौसेने अशी भिंत ठेवतात, चांगल्या चांगल्या बंगल्यांतून ठेवतात. ते हो हो म्हणाले आणि माझ्याकडे आधीपेक्षा जास्त काळजीने पाहू लागले.

माझा नवरा नागेश तहसीलमध्ये कारकून आहे. दिवसभर लोकांना 'बघू, करू' म्हणायची सवय झालेला माणूस घरी तरी दुसरं काय म्हणणार? माझ्यासमोर तो माझ्या बाजूचा असायचा आणि त्याच्या आईसमोर आईच्या. त्याची आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुलाबाई. मीही त्यांना आईच म्हणते. नवरा लवकर गेला तेव्हापासून गुडघे थकेपर्यंत त्या याच गंगाखेडात बांधकामावर बिगारी होत्या. वाळू, विटा, कालवलेला माल, सगळं डोक्यावर वाहिलं आणि त्यावर नागेशला शिकवलं. माझी भिंत उघडी राहणार हे ऐकून त्या फक्त "बरं" म्हणाल्या. आई नुसतं 'बरं' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काही बरं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यांनी माझ्या फोनला दोष दिला. फोनात बघून बाईच्या डोक्यात काहीतरी शिरलंय, असं नागेशच्या ऑफिसातही बोललं जात होतं. खरी गोष्ट वेगळीच होती. ती भिंत सुरू व्हायची त्या दिवशी लग्नाची दाट तिथी होती. रंगनाथ मिस्त्री तेवढे आले, बिगारी एकही नाही. काम बंद ठेवा असं सांगून मी पालमला माझ्या शाळेत शिकवायला गेले. संध्याकाळी एसटीतून उतरून प्लॉटवर आले, तर भिंत छातीएवढी वर आली होती आणि आई पदर खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून विटा वाहत होत्या. मी रागावले. गुडघ्यांचं काय, डॉक्टरने काय सांगितलं होतं, सगळं ऐकवलं. त्यांनी आठ विटा खाली उतरवल्या, पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, "लोकाच्या घराला लय वाहिल्या. एक भिंत सोताच्या घराला वाहू दे." दुसऱ्या दिवशी बिगारी आले, पण ती भिंत माथ्याला लागेपर्यंत आईंनी त्यांना तिच्याजवळ फिरकू दिलं नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी खिडकीतून ऊन थेट भिंतीवर आलं होतं. काही विटा तांबड्या, काही जास्त भाजून काळपट झालेल्या. मी तिथेच ठरवलं की ही झाकायची नाही. कारण मात्र मी कुणाला सांगितलं नाही. भांडण मला जमतं, असलं बोलणं जमत नाही.

रंगनाथ मिस्त्रींनी हात वर केले. म्हणाले, ही भिंत गिलाव्याच्या हिशोबाने बांधलीय. माल बाहेर ओघळलाय, विटांमधल्या दरजा वेड्यावाकड्या आहेत. उघडी ठेवायची तर एकेक सांधा खरवडून पुन्हा भरावा लागेल, आणि त्यासाठी माझ्याकडे माणूस नाही. मी म्हटलं, मी आहे. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी तारेचा ब्रश, एक जाड खिळा आणि लहानशी थापी घेऊन भिंतीसमोर बसले. हातांना फोड आले, केसांत विटेचा भुगा बसला, चहाला सिमेंटची चव यायला लागली. व्यंकटरावांनी फाटकातून हे पाहिलं आणि मिस्त्रीलाही द्यायला पैसे उरले नाहीत अशी त्यांची खात्री पटली. आई दारात बसून लसूण सोलायच्या आणि बघायच्या. एकदाही हात लावला नाही, आणि मीही 'या' म्हटलं नाही. शेवटची दरज मी भरली तेव्हा मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. ऐकायला नेमकं तेव्हा घरात कोणी नव्हतं.

गृहप्रवेश बुद्धपौर्णिमेला ठरला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मला परभणीला शाळेचं प्रशिक्षण लागलं. दुपारनंतर परत आले तर अंगणातल्या हौदाशी सिताराममामा थापी धूत बसले होते. मामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ, सोनपेठचे, हयात गिलाव्यात गेलेले मिस्त्री. मला बघून ते मनापासून हसले. त्यांच्या पायांशी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या. मी चपला न काढता आत धावले.

भिंत राखाडी झाली होती. अंगठ्याएवढ्या जाडीचा गिलावा, ओला, वरून खाली चोपडा. माझी एकही वीट दिसत नव्हती.

मामा मागून आले. बहिणीच्या घराला आहेर काय न्यावा म्हणून त्यांनी स्वतःचं सिमेंट, स्वतःची वाळू टेम्पोत घालून आणली होती. पाहुणे यायच्या आधी अक्काची लाज राखली, असं ते अभिमानाने सांगत होते. नागेश स्वयंपाकघरात डबे उघडून बंद करत होता, म्हणजे त्यालाही माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाला विचारून केलं, असं मी मामांना विचारलं. आवाज चढला होता, ते मला कळत होतं.

"मला इचारून," आई दारातून म्हणाल्या. "म्याच बोलावलं त्याला."

मी वळले. त्या शांत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी बसून नाही, उभ्याने बोलल्या.

"नागेशला बघायला तुमची मानसं आमच्या जुन्या घरी आलती. त्या घराला गिलावा नव्हता. तुह्या मावशीनं भितीला हात टेकला आन् हाताला लाल लागलं. तिनं रुमाल काढून पुसलं. काई बोलली न्हाई. नुसतं पुसलं. म्या बगितलं. त्या दिशी ठरवलं, नागेशच्या घराला एक बी वीट उघडी दिसू द्यायची न्हाई. आता तीच मावशी येनार हाय. पुन्यांदा पुसंल."

मला मावशीचा राग आला, आईंची दया आली आणि स्वतःच्या हातांवरचे फोड आठवून रडूही आलं, सगळं एकदम. मावशी परभणीच्या दवाखान्यात नर्स होती, तिला जिथे तिथे हात पुसायची सवयच आहे. पण हे आता सांगून काय उपयोग? पुसलेला हात कोणी इतकी वर्षं जपून ठेवला असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मामा म्हणाले, ऊन लय हाय, घडीभरात धरंल, मग घनाशिवाय निघायचं न्हाई. मला गप्प करायलाच त्यांनी हे सांगितलं असावं. मी बादली उचलली, हौदातून भरली आणि भिंतीसमोर आणून ठेवली. खरवडायला पत्र्याचा तुकडा घेतला. नागेश "धम्मशीला, राहू दे ना" म्हणत बाहेर आला. त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

"कामून एवढा हट्ट?" आईंनी विचारलं.

गिलावा कधी करता, हे मला सगळ्या गंगाखेडने विचारलं होतं. कामून, हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"घरातल्या बाकीच्या भिंती बिगाऱ्यांनी वाहिल्या," मी म्हटलं. "ही तुम्ही वाहिलीत. एकेक वीट तुमच्या डोक्यावरून गेलीय. गंगाखेडात तुम्ही एवढी घरं उभी केली, त्यातली तुमची एक तरी वीट मला दाखवा. सगळ्या गिलाव्याखाली गेल्या. ही मी जाऊ देणार नाही, आई. तुम्ही रागवा, मामा रागवू देत, मावशी पुसू दे. मी हे काढणार."

आणि मी भिंतीवर पाणी मारून पत्रा ओढला. ओला गिलावा सळसळत खाली आला आणि त्यामागे एक काळपट वीट दिसली.

 मग आई भिंतीजवळ आल्या. त्या विटेवरचा चिखल त्यांनी तळव्याने पुसला आणि थोडा वेळ हात तिथेच ठेवला.

"पयलंच सांगायचं की, बाई," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर खोचला. "सिताराम, उबा काय ऱ्हायलास? पानी आन."

मामा बहिणीकडे बघत राहिले. स्वतःच्या हाताने केलेला गिलावा स्वतःच्या हाताने उतरवायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तसं ते बोललेही. पण अक्काचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. तोंडाने बडबड करत त्यांनी वरची बाजू घेतली, मी मधली, आईंनी खालची. नागेशने डबे सोडले आणि बादल्या वाहिल्या. अंधार पडेस्तोवर आम्ही खरवडत होतो. वरच्या कोपऱ्यात गिलावा धरून बसला होता, तो पूर्ण निघालाच नाही. विटांच्या खड्ड्यांत राखाडी डाग राहिले ते राहिलेच. माझ्या कित्येक दरजा उकरल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी त्या पुन्हा भरल्या, आणि हा आहेर नव्हे हो, ही शिक्षा, असं प्रत्येक दरजेला म्हणत होते.

पौर्णिमेला भंतेजी आले, परित्राण पाठ झाला, सगळ्यांना खीर दिली. व्यंकटराव आले. भिंतीसमोर थोडे थबकले आणि भले गृहस्थ, काहीच बोलले नाहीत. मावशी पांढऱ्या साडीत आली होती. बैठकीतल्या गर्दीत खाली बसताना तिचा तोल गेला आणि तिने हात टेकला तो नेमका त्याच भिंतीवर. माझ्या हातातलं खिरीचं ताट तिथेच थांबलं. आईंनीही पाहिलं.

मावशीने तळवा बघितला. लाल लागलं होतं. तिने कमरेचा रुमाल काढला.

आई गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, मान मात्र ताठ होती.

"पुसू नका, ताई," त्या म्हणाल्या. "म्या वाहिलेली भित हाय ती."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने रुमाल परत खोचला आणि त्याच लाल हाताने आईंचा हात धरला.