मागं काय राहतं

रहमतुल्लांनी अत्तराची पेटी घेऊन हैदराबादहून नांदेड गाठले. त्यांच्या जहांगीरने इतवाऱ्यात दुकान मांडले. जहांगीरच्या अकरमने त्या दुकानाला असा लौकिक मिळवून दिला, की लग्नघरची माणसे पत्रिका छापण्याआधी अत्तर ठरवून जात. त्या तिघांच्या गादीवर बसलेल्या मुनीबमियाँसमोर आज बिअरचा ग्लास होता.

"तोबा! दुकानात?"

"प्या कुठं म्हणून राहिले मी? नुसता वास घ्या, चाचा. पिईन मी," दामिनी म्हणाली.

"आन् माणिकप्पानं इचारलं तर?"

"अप्पांना सांगितलंय, सरबत हाय."

"फेसाचं सरबत!" मुनीबमियाँ हसले. "तुझा बाप गळ्यात लिंग घालून तेल इकतो, पोरी. खुळा न्हाई त्यो."

दामिनी ही शेजारच्या तेलवाल्या माणिकप्पाची एकुलती मुलगी. पुण्यात एका लहानशा कारखान्यात ती बिअर तयार करीत असे. ग्लासात होती ती तिने स्वतः जुळवलेली पहिली बिअर. ड्राय इंडिया पेल एल ही त्या बिअरची कडवट जात. ती विकायला काढायची की नाही, हे मालक सोमवारी ठरवणार होते.

"तुम्ही हाव म्हणा, चाचा. मग मी मालकाशी भांडते. तुम्ही न्हाई म्हणलं, तर मोरीत ओतते."

मुनीबमियाँनी ग्लास उचलला. आत फिकट उन्हासारखा रंग होता आणि बारीक बुडबुडे घाई न करता वर येत होते. वडिलांसारखे डोळे मिटून त्यांनी श्वास ओढला. काहीच आले नाही.

दोन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. ही गोष्ट त्यांनी घरातही सांगितली नव्हती. फळीवरच्या जागेवरून ते बाटली ओळखत, गिऱ्हाइकाने मान डोलावली की आपणही डोलावत. जग जणू पाण्याखाली गेले होते. गुलाब दिसत, पण बोलत नसत.

"कसा हाय?"

एकच शब्द पुरला असता. पोर आनंदाने पुण्याला गेली असती. पण तिने हनुवटी पुढे केली होती, अगदी तेव्हासारखी. तिची आई मल्लम्मा गेली त्या वर्षी कुणीतरी तिची लुगडी धुऊन टाकली, आणि आईचा वास गेला म्हणून ही पोर जेवेना. मुनीबमियाँ तिला रोज दुपारी गादीवर बसवून बाटल्यांमागून बाटल्या हुंगवत. वाळा, कापूर, भाजल्या तिळाचा तेलकट धूर असे थेंबाथेंबाने जुळवता जुळवता एके दिवशी ती म्हणाली, "हीच आई." माणिकप्पाने पैसे पुढे केले तेव्हा मुनीबमियाँ म्हणाले होते, "ही देईल. माझ्याकडं न्हाई असा एक वास आणून देईल, मग फिटलं."

अशा पोरीशी खोटे बोलणे त्यांना जमले नाही.

"बेटा, मला येत न्हाई."

"आवडला न्हाई?"

"वासच येत न्हाई. कशाचाच. ह्या समद्या बाटल्या मला रंगीत पाणी हायेत."

दामिनीने नवल केले नाही, कीव केली नाही. तिने ग्लास घेतला, एक घोट जिभेवर धरला आणि गिळला.

"डोळे मिटा. आता मी हुंगवते."

मुनीबमियाँनी डोळे मिटले.

"आधी संत्र्याची साल. नखानं टोचली की तुषार उडतो ना, त्यो. त्याच्या आड सागाची फळी, आत्ता चिरलेली, किनवटच्या लाकडाची. आन् आता कडू. कडूलिंबाचा कोवळा पाला, गूळ न घालता."

मिटल्या डोळ्यांआडच्या अंधारात ते चालू लागले. संत्र्याच्या ढिगाशेजारून वाट लाकडाच्या वखारीत शिरली. पायांखाली भुसा मऊ लागत होता.

"गोड?"

"जरा बी न्हाई. खमिरानं समदी साखर खाल्ली. जीभ कोरडी पडून राहिली."

"मागं काय राहतं?" मुनीबमियाँनी विचारले. दर अत्तराला त्यांचे वडील अकरम हाच प्रश्न विचारीत.

"काईच न्हाई, चाचा. तुमच्या धंद्यात ही खोट, माझ्यात हीच खुबी. निस्तं वाटतं, अजून एक घोट घ्यावा."

तिने ग्लास पुन्हा त्यांच्या नाकाशी धरला. आशा न धरता त्यांनी श्वास घेतला. कुठून तरी फार खोलातून एक धागा वर आला.

"थांब! पेरूचं पान हाय ह्यात? चुरगळलेलं?"

दामिनीने घाईने ग्लास हुंगला. त्या बिअरमध्ये काहीतरी हिरवे आहे, हे तिला महिनाभर जाणवत होते. नाव सापडत नव्हते.

"हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या श्वासाला धागा तुटला होता. मुनीबमियाँनी पुन्हा शोधला नाही.

"जा, सांग तुझ्या मालकाला. मुनीब अत्तारवाल्यानं हाव म्हणलंय, वास घेऊन म्हणलंय."

"आन् माझ्याकडचं देणं?"

"फिटलं, बेटा. पुरं फिटलं."

आणि ग्लासातून काही उडून जाईल की काय, अशा बेताने त्यांनी त्याच्यावर आपला तळहात ठेवला.