तूदाच्या हातची कडी

मुकद्दम हद्दूने बंदुकीचं फुटलेलं कडं आमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर टाकलं, तेव्हा मी पडद्यामागे पत्रा कापत होते आणि बाबा दारात बसून रिकाम्या ऐरणीवर हातोडी वाजवत होते. आमचं काही वर्षं असंच चाललं होतं. बाबांचे हात थरथरायला लागले, चिमट्यात पितळ धरवेना, तेव्हापासून काम मी करायची आणि आवाज ते करायचे. गल्लीला वाटायचं, उस्ताद अस्सू अजून कामाला आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ हौसेने झाकली नव्हती. आमच्या पितळेच्या गल्लीत दुकान मालकीचं नसतं, कसबाचं असतं. उस्तादाचे हात थांबले की बाजाराचा अमीन ते घराण्यातल्या दुसऱ्या पुरुषाला देतो. आमच्या घराण्यातला दुसरा पुरुष म्हणजे माझा चुलतभाऊ सईद. त्याने जन्मात कानस हातात धरलेली नाही आणि त्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची आहेत.

मुकद्दम हा आमच्या टोळीच्या घोडेस्वारांचा म्होरक्या. उरसात त्याच्या हाळीवर सगळी रांग एकदम दौडत येते आणि मैदानाच्या टोकाला सगळ्या बंदुकांचा मिळून एकच बार उडतो. आवाज दोन झाले की लोक तोंड फिरवून चहाच्या तंबूकडे चालू लागतात. त्या दिवशी सकाळी सरावात बार लाह्यांसारखा तडतडला होता. मुकद्दमाचा पुतण्या बास्सू याच्या बंदुकीचं मागचं कडं ऐन वेळी उकललं, नळी लाकडावरून उचलली गेली आणि त्याचा तळवा भाजला. आमच्या लांब नळीच्या बंदुका कड्यांवरच उभ्या असतात. पितळेचा पत्रा नळी आणि लाकूड दोन्हींभोवती वळवायचा, टाकणखार लावून सांधा जोडायचा आणि कडं तोंडाकडून ठोकत ठोकत जागेवर बसवायचं. कडं गेलं की बंदूक गेली.

मुकद्दमाच्या मागे सगळे स्वार आले होते, खांद्याला बंदुका लावून. उरूस परवावर होता. गल्लीही गोळा झाली, आमच्याकडे कुणी मोठ्याने बोललं की ती होतेच.

"उस्ताद, मला सगळं कळलंय," मुकद्दम म्हणाला. "तुमच्या हातोडीखाली काही नसतं. कडी तुमची ही पोरगी करते. बाईच्या हातचं कडं बार सोसत नाही, हे आज माझ्या पुतण्याच्या हातावर उमटलंय."

सगळ्या बंदुका तो कडी बदलायला मेकनेस शहराला धाडणार होता, आणि दुपारच्या नमाजानंतर अमीनकडे जाऊन दुकानाचंही सांगणार होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पडदा बाजूला सारून बाहेर आले आणि कडं उचललं.

सांधा शाबूत होता. चीर सांध्यापासून लांब, उभी गेली होती, आणि तिच्या कडेला हिरवट रंग धरला होता. बाराने फुटलेलं पितळ असं दिसत नाही. मी बास्सूला विचारलं, बंदूक कुठे टांगता? तो बिचारा खरं बोलला. तबेल्यात, घोडीच्या डोक्याशी. काकांचा नियमच आहे, उरसाआधी बंदूक आणि घोडी एका छपराखाली झोपली पाहिजेत, म्हणजे घोडी बाराला बिचकत नाही.

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "मुकद्दम, ठोकून ताठलेलं पितळ घोड्याच्या मुताच्या वाफेने चिरतं. हे माझ्या आजोबांच्या भात्यालासुद्धा ठाऊक होतं."

लोक हसले. मुकद्दमाचे कान लाल झाले. "बाकीच्या बंदुकाही तबेल्यातच असतात," तो म्हणाला. "त्यांची कडी का नाही फुटली?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर मला त्याच क्षणी दिसलं. ठोकून ठोकून पितळ ताठतं, रागीट होतं. म्हणून कडं तयार झाल्यावर शेवटी एकदा मंद आचेवर तापवून त्याचा राग काढायचा असतो. मग ते तबेल्यात राहो नाहीतर हमामात, त्याला काही होत नाही. या कड्याला ती शेवटची आच मिळाली नव्हती. मी ते उलटं करून आतून पाहिलं. माझ्या हातोडीच्या खुणा मसुरासारख्या, एकीला एक लागून असतात. या खुणा लांबट होत्या, घसरलेल्या. हे कडं माझं नव्हतंच.

मागच्या वसंतात मी बहिणीच्या बाळंतपणाला अझरूला गेले होते. तेव्हा बाबांनी कुणाला न सांगता, दार लावून, स्वतःच्या हाताने ते केलं असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मांडीवरच्या हातोडीकडे बघत होते.

खरं सांगितलं असतं तर मी सुटले असते. पण ज्या माणसाने मला कानस धरायला शिकवली, त्याला भर गल्लीत उघडं पाडून मी कुठे राहिले असते? दुकान असंही जाणार होतं, तसंही जाणार होतं. मग निदान ताठ मानेने जाऊ दे.

"हो, मी केलंय," मी म्हटलं. "प्रत्येक कडं मी केलंय. गेल्या वर्षी ढाल जिंकून आलात ना गावात मिरवत, ती माझ्याच कड्यांवर. नको असतील तर मेकनेसला कशाला पाठवता? मी बसवलीत, मीच काढते."

आणि मी त्याच्या हातातून त्याचीच बंदूक ओढून घेतली. लाकडी ठोकळा लावून दोन ठोके दिले आणि तोंडाजवळचं कडं काढून पाटावर ठेवलं. नळी लाकडावर खुळखुळली. मागच्या स्वारांनी आपापल्या बंदुका गुपचूप पाठीमागे नेल्या. कुणा एकाची टोपी पडली, तीही त्याने उचलली नाही. मी दुसऱ्या कड्याला ठोकळा लावला.

"थांब तूदा," बाबा म्हणाले.

ते भिंतीला धरून उठले. इतके दिवस बाहीत लपवलेले दोन्ही हात त्यांनी गल्लीसमोर वर केले. ते थरथरत होते, आणि त्यांनी ते थरथरू दिले.

"बघून घ्या. फुटलंय ते या हातांचं. मला वाटलं होतं, एक तरी अजून जमेल. नाही जमलं. टिकलीत ती सगळी हिची आहेत, आणि ढालही हिचीच. चल हद्दू, जाऊ अमीनकडे. मीपण येतो."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. मुकद्दम त्या हातांकडे बघत राहिला. माझ्या बाबांनी त्याच्या वडिलांच्याही बंदुकीला कडी बसवली होती. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, कडं परत बसव, पोरी, उरूस परवावर आलाय.

"बसवते," मी म्हटलं. "पण आता त्यावर नुसते बाबांच्या खुणेचे तीन ठिपके राहणार नाहीत. माझं नाव येईल."

"आतून कोर," मुकद्दम म्हणाला. "लाकडाच्या बाजूला."

"बाहेरून."

"मग बारीक कोर."

मी पाटापाशी बसले आणि बंदूक तशीच, अर्धी उघडी, बाजूला ठेवली. मुकद्दमाने मागे वळून आपल्या स्वारांकडे पाहिलं. त्यांच्यातून बास्सू पुढे आला आणि भाजल्या हाताने आपली बंदूक माझ्या पुढ्यात ठेवली. "काका, तुम्हाला नको असेल तर आधी माझ्या बंदुकीवर कोरू दे," तो म्हणाला. मग दुसऱ्यानेही ठेवली. तिसऱ्याने मुकद्दमाकडे न बघता ठेवली.

मुकद्दमाने आपली बंदूक परत उचलली नाही, तेव्हा अमीनला निरोप मीच धाडला, मुकद्दमांच्या बंदुकीवर तूदा आपलं नाव कोरतेय, बघायला या. तो आला आणि चहाचा पेला हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. सईदही आला होता, पण तो मागे राहिला.

मी कडं बसवलं आणि छिन्नी घेतली. कोरताना दुसऱ्या कुणीतरी नळी घट्ट धरावी लागते. बाबा कोरायचे तेव्हा ते काम मी करायची.

"धरा," मी मुकद्दमाला म्हटलं. अमीनदेखत त्याने नळी धरली की दुकानाची तक्रार तिथेच संपणार होती.

त्याने एकदा अमीनकडे पाहिलं, एकदा गल्लीकडे. मग झगा सावरून तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी नळी धरली. मी पहिलं अक्षर घातलं, चांगलं ठसठशीत, रांगेतून बघणाऱ्यालाही दिसेल असं.

"हलू नका," मी म्हटलं, आणि तो हलला नाही.