उशिरा सांगितलेलं नाव

तिरकी पात, टाचेकडे जाड, चवड्याकडे निमुळती... कुऱ्हाड कसली, काशाचं पाऊलच. पातीवरच्या खोलगट जागी खुएचा अंगठा नेमका बसला. अडीच हजार वर्षांपूर्वी असाच कुणाचा तरी बसला असेल — आणि त्या कुणाला हाक कुठल्या नावानं मारायची, हा प्रश्न सकाळपासून तिच्या टेबलावर कोऱ्या पाटीच्या रूपानं पडून होता.

"एक ओळ लिहायला एवढा वेळ?" संग्रहालयाचे प्रमुख थुआन दारातून म्हणाले. ते तिच्या वडिलांचे विद्यार्थी, म्हणून ती त्यांना दादा म्हणे. "लिही की — लाक विएत, आमचे पूर्वज, आदिकाळापासून इथलेच."

"दादा, ते नाव उत्तरेकडच्या शेजाऱ्यांच्या पोथ्यांतलं. तेही मागाहून लिहिलेलं."

"मग पाटी कोरी ठेवू? दोन वाजता शाळेची पोरं येतायत. आणि आज तुझ्या बाबांचं श्राद्ध ना? निदान आज तरी त्यांच्या विरुद्ध जाऊ नकोस, बाई."

बाबांच्या विरुद्ध... याच लोकांच्या काशाच्या नगाऱ्यांवर कोरलेला तो लांब चोचीचा पक्षी म्हणजेच लाक, असं बाबा शपथेवर सांगत. कुणी म्हणे, भरतीच्या पाण्यावर पिकणारी शेतं म्हणजे लाक. कुणी या लोकांना नदीच्या वरच्या अंगानं खाली आणी, तर कुणी इथल्याच चिखलातले ठरवी — आणि या सगळ्यांशी बाबा हातातला भात गार होईपर्यंत भांडत. शेवटी तो भात आईच पुन्हा गरम करी.

त्यांच्याकडची रीतच होती — मरणाऱ्याच्या कानात घरच्यांनी एक नवं नाव सांगायचं, ते फक्त त्याला, घरच्यांना आणि घराच्या देवाला ठाऊक. श्राद्धाला त्याच नावानं हाक मारली की तोच जेवायला येतो, वाटेवरचे उपाशी आत्मे शिरत नाहीत. एकुलत्या एका मुलीकडे ते काम होतं. आणि बाबांच्या शेवटच्या दुपारी ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांच्याच पुस्तकाची मुद्रितं तपासत बसली होती — पक्ष्याचं प्रकरण, शेवटची चार पानं... आत गेली तेव्हा हात गार पडला होता. तरी तिनं वाकून नाव सांगितलं. आईला म्हणाली, सांगितलं. त्यांनी ऐकलं का, हे आईनं विचारलं नाही. चार वर्षं मी त्या नावानं हाक मारते आहे, आणि कोण येऊन जेवून जातं, मला ठाऊक नाही.

गेलेल्याला ऐकू येत नसताना आपल्या सोयीचं नाव द्यायचं — हे तिनं एकदा केलं होतं. दुसऱ्यांदा करायचं नाही. तिनं पेन उचललं: "शेजाऱ्यांनी यांना लाक विएत म्हटलं. ते स्वतःला काय म्हणत, आणि कुठून आले, हे आपल्याला अजून ठाऊक नाही." खाली सही केली, पाटी कुऱ्हाडीशेजारी ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दादा चिडतील. चिडू देत.

घरी आईनं उकडलेली कोंबडी, चिकट भात मांडून ठेवला होता. उदबत्त्या पेटल्या होत्या.

"नाव हळू घे गं, बाहेर ऐकू जाईल," आई म्हणाली.

खुएनं हात जोडले. नाव ओठांवर आलं, आणि तिनं ते घेतलं नाही.

"बाबा, ते नाव मी उशिरा सांगितलं. तुम्ही गेल्यावर."

मागे वाडगी मांडण्याचा आवाज थांबला. तिनं वळून पाहिलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच समोर कुणीतरी आहे असं तिला वाटत होतं — आणि ते बाबाच असले पाहिजेत, असा आता तिचा हट्ट नव्हता.