दुरुस्तीला टाकलेली सीट

"आमच्या ह्यांनी तुमच्याकडे एक सीट दुरुस्तीला टाकली होती. झाली का?"

गुंडो तेव्हा एका मारुतीखाली पाठीवर आडवा होता. त्याला फक्त चपला आणि सुती साडीचा काठ दिसत होता. त्याच्या गॅरेजात साडी सहसा येत नसे. आलीच तर नवऱ्याचा शोध घेत येई आणि आवाज चढलेला असे. हा आवाज मात्र इस्त्रीचे कपडे झाले का विचारावं तितका साधा होता.

"कवा टाकल्याली?" त्यानं खालूनच विचारलं.

"अठ्ठ्याऐंशीत. दसऱ्याच्या आधी."

गुंडो सरपटत बाहेर आला, कारण सत्त्याण्णव साल निम्मं सरलं होतं.

समोर सुनंदा उभी होती, पद्मनाभची बायको. पद्मनाभला जाऊन चार महिने झाले होते. गुंडोनं तिला त्या दिवशी गर्दीतून लांबून पाहिलं होतं, तेवढीच ओळख.

"नऊ वर्षं विचारतेय मी," ती म्हणाली. "दर वेळी म्हणायचे, गुंडोकडे काम फार आहे."

"हाय की," गुंडो म्हणाला. गेलेल्या मित्राचं खोटं उघडं पाडायचं नाही एवढं त्याला कळत होतं. पुढे काय बोलायचं ते कळत नव्हतं. "म्हंजे, झाल्यातच जमा हाय. शनिवारी देतो वैनी."

"सरी, चालेल. आणि गाडी पण साधी करून द्या अण्णा. आनेकलच्या महांतेशप्पांना विकलीय. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. ते म्हणाले, डावीकडे सीट पाहिजे, शिकवणाऱ्याला बसायला. आणि इंजिन शांत पाहिजे. शिकणारी माणसं घाबरतात म्हणे."

गुंडोनं फडक्यानं हात पुसायला घेतले ते बराच वेळ पुसत राहिला.

गुंडो हलगेकर मूळचा खानापूरकडचा. चामराजपेटेतल्या त्याच्या शेडवर पाटी नव्हती. पाटीवर लिहायचं तरी काय? लोक चांगली चालणारी गाडी त्याच्याकडे आणत आणि बोंब मारणारी गाडी घेऊन जात, तेही आनंदानं. तो इंजिनाचं हेड घासून उतरवी, हवा आत यायच्या वाटा कानसून रुंद करी, बाळसेदार कार्ब्युरेटर बसवी आणि सायलेन्सर काढून त्या जागी कशालाही सायलेंट न करणारी नळी लावी. चौघांच्या कुटुंबानं आरामात देवळात जावं म्हणून कंपनीनं बनवलेली गाडी गुंडोच्या हाताखालून गेली की तीत एकच माणूस बसे आणि देव उठायच्या आत देवळात पोचे.

पद्मनाभ विमा कंपनीत लोकांच्या अपघातांचे कागद तपासण्याच्या हुद्द्यावर होता. दिवसभर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो पाहायचे आणि रविवारी पहाटे स्वतःची पांढरी एनई गाडी देवनहळ्ळीच्या रस्त्यावर पिटाळायची, असा त्याचा आठवडा. मद्रासच्या ट्रॅकवर तो दोनदा उतरला. एकदा चौथा आला, एकदा सहावा. हा एक दिवस रस्त्यावर जाणार असं नातेवाइकांनी ठरवूनच टाकलं होतं. तो ऑफिसात, टेबलावर, एका दाव्यावर सही करताना गेला. नातेवाइकांना दुःख झालं आणि थोडी चुटपुटही लागली.

एनईची डावी सीट गुंडोनं स्वतः काढली होती. ट्रॅकसाठी वजन उतरवायचं तर पहिली ती जाते. मद्रासहून आल्यावर ती परत बसवायची होती. पण सीटशिवाय गाडी जी काही उचलायची ती पाहून पद्मनाभ म्हणाला, राहू दे आठवडाभर. घरी काय सांगायचं, तर दुरुस्तीला टाकलीय. आठवडा नऊ वर्षं चालला.

दर रविवारी सीटच्या जागी गोणपाटाची घडी घालून गुंडो बसायचा. गाडी पद्मनाभ चालवायचा आणि गुंडो इंजिन ऐकायचा. "कसं वाटतंय?" "अजून स्वल्प." नऊ वर्षांत त्यांचं जे बोलणं झालं, त्यातलं निम्मं हेच. गुंडोला घर ना दार, बायको ना भाऊबंद. कुणी त्याची कीव केली असती तर तो म्हणाला असता, रविवार हाय की.

आणि सीट? ती शेडवरच्या त्याच्या खोलीत होती. चार विटांवर ठेवलेली. खोलीत खुर्ची तेवढीच. जेवण तिच्यावर, पेपर तिच्यावर, दुपारची डुलकीही तिच्यावर. त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदाच ती उलटी करून पाहिली. दोन स्प्रिंगा तुटल्या होत्या आणि फोम एका बाजूनं चपाती झाला होता. पद्मनाभनं बायकोला सांगितलेलं खोटं गुंडोनं नऊ वर्षं बसून बसून खरं केलं होतं.

तो सीट खांद्यावर टाकून कुशनवाल्या देवाप्पाकडे गेला. देवाप्पानं खळग्यात हात फिरवला.

"एकच माणूस बसलाय हिच्यावर," तो म्हणाला. "डावीकडं रेलून. बाजूला भिंत हाय काय?"

"तू स्प्रिंग घाल," गुंडो म्हणाला.

शनिवारी सुनंदा आली तेव्हा सीट गाडीत बसलेली होती. तिनं ती दाबून पाहिली, मान डोलावली. इंजिनाचं काय झालं म्हणून विचारलं.

"सोमवारी खोलतो," गुंडो म्हणाला. मग फडकं शोधू लागला. "वैनी, उद्या रविवार हाय. एकदा फिरवून आणू काय? शेवटचं. मी ती कवा चालवलीच न्हाई बगा."

"नऊ वर्षांत?"

"पाय साहेबांचा. माझा कान."

खरं तर त्याला सबंध फेरी नकोच होती. जाताना इंजिन नुसतं तापायचं. देवनहळ्ळीला थांबून प्लग काढून बघायचा, चहा प्यायचा. खरी मजा परतताना, चिक्कजालाच्या अलीकडे. तिथं रस्ता जवळजवळ दोन मैल सरळ पडायचा, दोन्ही बाजूंना निलगिरी, आणि त्या वेळेला चिटपाखरू नसायचं. पद्मनाभ तिथं गाडी तिसऱ्या गिअरात टाकायचा आणि पाय पार खाली. त्या दोन मैलांसाठी दोघांनी नऊ वर्षं कार्ब्युरेटरचे जेट बदलले होते. असं इंजिन गुंडोच्या हातून पुन्हा होणार नव्हतं. तो पन्नाशी ओलांडून गेला होता आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच नसणार असं ऐकून होता. ते दोन मैल एकदा स्वतःच्या पायाखाली घ्यायचे आणि मग सोमवारी पाने हातात धरायचे, असा त्याचा हिशेब.

"मी पण येते," सुनंदा म्हणाली.

"आवाज फार करती वैनी."

"सीट दुरुस्त झालीय ना?"

गुंडोनं सीटखाली हात घालून बोल्ट पुन्हा एकदा आवळले.

पहाटे पाचला निघाले. सुनंदा पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती, बसमध्ये बसतात तशी. हेब्बाळ गेलं, येलहंका गेलं. गुंडोनं गाडी बेतानं तापवली. इंजिनाच्या भिंतीपलीकडचा आवाज त्याला नेहमी बुडाखालून यायचा. आज तो समोरून येत होता आणि जरा परका वाटत होता. तिच्या नवऱ्याच्या जागेवर आपण बसलो आहोत हे बाईंच्या लक्षात येऊ नये म्हणून तो शक्य तितका दाराला चिकटून चालवत होता.

देवनहळ्ळीला किल्ल्याच्या बाहेर, चहाच्या गाड्यापाशी त्यानं गाडी लावली. बॉनेट उघडलं, फडक्यात धरून एक प्लग काढला आणि तिच्यापुढे धरला.

"रंग बगा. बिस्किटागत हाय. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर कमी. हा बरोब्बर."

सुनंदानं प्लग नीट पाहिला. लग्नासाठी दाखवलेल्या मुलाचा फोटो पाहतात तसा, विश्वास न ठेवता.

"हे बघायला यायचे दर रविवारी?"

"व्हय."

"एवढंच?"

"मग चहा."

ती चहाचा ग्लास धरून उभी राहिली. "दोन डबे न्यायचे ते," ती म्हणाली. "सकाळी चारला उठून मी उप्पिट्टू करायची. एक त्यांचा, दुसरा कुणाचा, असं कधी विचारलं नाही. शेजारच्या कावेरक्का म्हणायच्या, विचार. मी म्हणायची, गाडीत दुसरी सीटच नाही, कोण बसणार? दोन वर्षं त्यावर निभावलं. मग वाटलं, सीट नसताना खाली बसून जाते म्हणजे वयानं लहान असणार."

सात वर्षं जिच्यावरून बाई मनात कुढत होती ती तिच्यासमोर खाकी पँटीत, पाच दिवसांची दाढी घेऊन उभी होती.

"मी बसायचो," तो म्हणाला. "गोणपाटावर. डबा मीच खायचो."

सुनंदानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कसं असायचं?"

"चांगलं असायचं." मग प्लगसमोर खोटं बोलवेना म्हणून, "मीठ कमी असायचं."

"त्यांना प्रेशर होतं." ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुमच्यात वेगळं घातलं असतं. त्यात काय."

चहावाल्यानं ग्लास परत मागितले. तिनं आपला दिला नाही.

"सीट मोडली होती का खरंच?"

गुंडो इथं सहज हो म्हणू शकला असता. देवाप्पा साक्षीला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "चांगली होती. मीच काढली. वजनासाठी."

"किती वजन?"

"चौदा किलो."

"चौदा किलोसाठी?"

"न्हाई," गुंडो म्हणाला, आणि आयुष्यभर मापं अचूक सांगायच्या सवयीनं पुढचं बोलून गेला. "तुम्हाला धरून पासष्ट."

बोलल्यावर त्याला कळलं की हे आपण मोजलं होतं हेही सांगितलं. सुनंदाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"त्यानं काय व्हायचं?"

"शंभरच्या स्पीडला लौकर जायची. एक सेकंद."

"एक सेकंद." तिनं चहा संपवला. "वाचवला तो सेकंद. मग त्याचं काय केलं?"

ती भांडत नव्हती. माहिती विचारत होती, आणि ती ज्याला असणार असा एकच माणूस उरला होता. गुंडोनं प्रामाणिकपणे विचार केला. वाचलेल्या सेकंदांत ते दोघं इथं येऊन चहा पीत, प्लग बघत. घाई कधीच नसे.

"काय न्हाई," तो म्हणाला. "इथंच बसायचो."

"कुठं?"

त्यानं किल्ल्याच्या भिंतीपाशी एक दगड दाखवला. सुनंदा जाऊन त्यावर बसली. गुंडो प्लग परत बसवायला वळला आणि एरवी दोन मिनिटांचं काम त्यानं दहा मिनिटं केलं. बॉनेट पडल्याचा आवाज आल्यावर ती आली. डोळे पुसलेले होते. "चला," म्हणाली. "काय ते करून दाखवा तुमचं."

परतीला उजाडलं होतं. इंजिन तापून असं लागलं होतं की गुंडोच्या तळपायाला गुदगुल्या होत होत्या. अजून स्वल्प, तो मनात म्हणाला. चिक्कजालाच्या अलीकडचं वळण घेतलं आणि समोर रस्ता मोकळा पसरला. ना ट्रक, ना बैलगाडी, ना कुत्रं. त्यानं गाडी तिसऱ्यात घेतली.

"वैनी, घट्ट धरा," असं सांगायला तो डावीकडे वळला.

सुनंदा झोपली होती. पर्स मांडीवरून घसरून पायाशी पडली होती, मान दाराकडे कलली होती, तोंड किंचित उघडं. देवाप्पानं स्प्रिंगा चांगल्या घातल्या होत्या. चार महिन्यांत ही बाई किती झोपली असेल ते डोळ्यांखालच्या काळ्या कडांवरून कुणालाही सांगता आलं असतं. गुंडोला तर बिघाड बघूनच ओळखायची सवय.

पाय पॅडलवर होता. खाली दाबला की नळी गरजणार, आणि त्या गर्जनेत मेलेलाही उठून बसला असता, हे त्याचं स्वतःचंच काम. त्यानं रस्ता एकदा पार टोकापर्यंत पाहून घेतला.

मग पाय हळूहळू वर घेतला.

आता खरी अडचण सुरू झाली. ते इंजिन हळू चालायला बनवलंच नव्हतं. वेग कमी झाला की ते खोकायचं, गचके द्यायचं, नळीतून फटाके सोडायचं. शहर अजून पंधरा मैल पुढं होतं आणि त्यातला एकही गचका सीटपर्यंत पोचू द्यायचा नव्हता. गुंडो अंगठ्यानं पॅडल चाचपत राहिला, केसभर खाली, केसभर वर. क्लच अर्धा दाबून, चढाच्या आधी गिअर बदलून, कानात प्राण आणून. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. त्या गाडीतून इतकं काम पद्मनाभनं कधी करून घेतलं नव्हतं. निलगिरी दोन्ही बाजूंनी एकेक करून सावकाश मागे गेली. दोन मैल कधी संपले त्याच्या ध्यानातही आलं नाही.

येलहंक्याला एका बसनं त्यांना ओलांडलं, मग एका टेंपोनं. हेब्बाळच्या तळ्यापाशी मागून एक लूनावाला आला, कॅरिअरला दुधाचे दोन कॅन बांधलेला. तोही पुढे जायला निघाला. बरोबरीला आल्यावर त्यानं वेग कमी केला, त्या पांढऱ्या गाडीकडे कणवेनं पाहिलं आणि काय झालं, ढकलायला हवी का, असं हातानं विचारलं. वर हॉर्नकडे अंगठाही नेला.

गुंडोनं स्टीअरिंगवरचा एक हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.