फी माफ

देव सोडला, पण देवाचं कर्ज काही सुटलं नाही. आमच्या घरची सत्तावन्न सालची सगळी रड या एका वाक्यात येते.

झालं होतं असं. पंचावन्नच्या पावसाळ्यात वडील, कुशाबा त्यांचं नाव, विषमज्वराने अंथरुणाला खिळले. आजीने गावाकडे मरीआईला बोकड बोलला. वडील बरे झाले ते इस्पितळातल्या औषधाने, पण श्रेय गेलं देवीला. नवस फेडायचा म्हणजे सगळ्या भावकीला जेवण आलं. त्यासाठी वरळीच्या आमच्याच चाळीतल्या रामदास मुकादमाकडून वडिलांनी तीनशे रुपये उचलले. पुढच्या वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर लोटलेल्या त्या गर्दीत आम्हीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा उतरवला. मुकादमाने व्याज मात्र उतरवलं नाही. अजून दोनशे बाकी होते आणि त्यांचं व्याज महिना सहा रुपये.

माझी आई जाईबाई लालबागच्या एका गिरणीत, सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात होती. तिने घरखर्चाला कात्री लावली ती अशी की आम्हालाच काचायला लागली. चहातलं दूध गेलं. वडिलांच्या विड्या निम्म्या झाल्या. कामावर जाता-येता बस बंद. बाजार उठता उठता ती मासळीवालीकडे जायची आणि उरलेला वाटा पडत्या भावात आणायची. त्या वर्षी तिने दोन लग्नं चुकवली, आहेर द्यावा लागू नये म्हणून. एकदा तापाचं निमित्त सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईनेच तिला नळावर धुणं धुताना पकडलं!

संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ झाला की वडील मोर्चाला जात आणि आई घरात चरफडे. "मुंबई आपलीच हाय, न्हाई कोन म्हनतंय? पर आजचा पगार कोन देनार?" एरवी तिने दोन वर्षांत एक खाडा केला नव्हता. अंगात ताप असला तरी ती कामावर जायची.

त्या जूनमध्ये मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतून सातवी पास झाले आणि परळच्या हायस्कुलात आठवीला जायचं ठरलं. फी महिना सहा रुपये. वडिलांनी फॉर्मच्या तळाशी सही केली आणि बाकीचं माझ्यावर सोडलं. घरात शिकलेली म्हणजे मीच. शाळेच्या कचेरीत हेरंब नावाचे कारकून होते, भला माणूस. मी जातीच्या रकान्यापाशी आले तसे ते हळूच म्हणाले, "मुली, बौद्ध लिहिलंस तर सवलत मिळत नाही. जुनंच लिही, फी माफ होईल."

व्याज सहा, फी सहा! मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. मी झोकात 'हिंदू महार' लिहिलं आणि उड्या मारत घरी आले.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी बातमी सांगितली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तिचा हात थांबला.

"काय लिवलंस अंबे?"

"जुनंच."

तिने सूप बाजूला सारलं. मला तिचा राग आला. दुधाविना चहा मी निमूट प्यायले होते, आणि आता घराचे सहा रुपये वाचवले तर ही तोंड पाडून बसली!

"तूच म्हणतेस ना, पैसा वाचवा म्हणून?"

सहा रुपयांना वडीलही कचरले होते. म्हणाले, "सहा रुपयं हायती, जाई. कागदावरच तर लिवलंय. आपुन काय परत देव मांडतोय?"

"अवं, दूध तोडलं, बस तोडली. ते आपल्या पोटाचं व्हतं," आई म्हणाली. "त्या मरीआईपायी दोन वरसं व्याज भरतोय. आता परत तिच्याच दारात फुकट जेवाया जायचं? आन् तेबी पोरीनं?"

वडील विडी घेऊन दाराबाहेर गेले. मी हट्टाने फुरंगटून झोपले.

सकाळी उठले तर आई लुगडं नेसून दारात उभी. कामाची वेळ टळून गेली होती. माझ्यासाठी तिने खाडा केला होता. परळपर्यंत आम्ही चालत गेलो. वाटभर मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

लिहिलेलं बदलायचंय असं आईने सांगताच हेरंबांनी फॉर्म काढला. "बाई, मी तुमच्या भल्याचंच सांगितलं. दर महिन्याला सहा रुपये पडतील. झेपेल?"

आईने पदराची गाठ सोडून सहा रुपये टेबलावर ठेवले. ते मुकादमाच्या व्याजाचे होते. आता त्याच्यापुढे जाऊन महिन्याची सवड मागायची म्हणजे चार शब्द ऐकून घ्यायचे. कुणापुढे तोंड वेंगाडायला लागू नये म्हणून तर ती दोन वर्षं कोरा चहा पीत होती, आणि मी तिला नेमकं तिथेच उभं केलं होतं.

"बरं, मग नवा फॉर्म देतो," हेरंब म्हणाले. "खाडाखोड वाईट दिसते."

"नगं सायेब," आई म्हणाली. "ह्याच्यावरच खोडा. नव्या कागदावर काय लिवलं ते मला कुटं वाचाया येतंय? खोडलेलं मातर दिसतं."

हेरंबांनी तिच्याकडे पाहिलं आणि टाक माझ्या हातात दिला. मी त्या दोन शब्दांवर रेघ ओढली आणि शेजारी 'बौद्ध' लिहिलं. आई टेबलावर वाकली. नव्या शब्दाकडे तिने पाहिलं, मग रेघेकडे पाहिलं. तिथे बोट टेकवून म्हणाली, "आनखी एकडाव वढ."

मी ओढली. मला रडू फुटलं होतं, पण रेघ सरळ आली.